जुन्या मोटारीचा ताप ओळखताना

समृद्धी महामार्गामुळे वाशिम जिल्ह्यातील प्रवासाचा वेग बदलला. मात्र त्या वेगाने धावणाऱ्या सगळ्याच गाड्या काही बदललेल्या नाहीत. कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तीन तालुक्यांतून हा महामार्ग जिल्ह्यात सुमारे ९७ किलोमीटर धावतो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. ही मर्यादा ज्यांच्यासाठी आखली गेली, त्या नव्या गाड्यांच्या शेजारून वीस-पंचवीस वर्षांची मारुती ८००, झेन, इंडिका, सुमो किंवा बोलेरोही जात असते. गावच्या रस्त्यावर जी गाडी कधी ताशी ७० च्या वर गेली नाही, ती येथे तासभर सलग ९०-१०० ने धावते. बाहेर मे महिन्यातले ४२-४३ अंशांचे ऊन असते. फलकावरचा पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर असतो, आणि सारे आलबेल आहे असे चालकाला वाटत राहते.

जुन्या गाडीचा फलक संकट येत असल्याचे सांगत नाही, आल्याचे सांगतो. तेलाचा लाल दिवा पेटतो तेव्हा सावध होण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते. ही उणीव भरून काढण्यासाठी दोन साधने जुन्या मोटारीत नव्याने बसविता येतात. एक, इंधनाचा हिशेब ठेवणारा ट्रिप कॉम्प्युटर आणि दुसरे, इंजिनातील तेलाचे तापमान दाखविणारा मीटर. दोन्ही साधने महागडी नाहीत; परंतु ती कोणत्या गाडीत कशी बसवावीत आणि त्यांचे आकडे कसे वाचावेत, याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत.

जुनी गाडी, नवा खर्च

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये आणि अॅम्बॅसॅडरचे मे २०१४ मध्ये थांबले. तरीही वाशिम, रिसोड, मानोरा भागात जुन्या मोटारी आजही रोजच्या वापरात दिसतात. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, त्यामुळे त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांवर ‘एमएच ३७’ ऐवजी अकोल्याचा ‘एमएच ३०’ हा क्रमांक असतो. अशा गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांसाठी नव्याने करून घ्यावी लागते. वीस वर्षांवरील मोटारींसाठी या नूतनीकरणाचे शुल्क केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार रुपये केले. गाडी टिकवायची तर हा खर्च अटळ आहे. त्यात इंजिन खोलण्याची वेळ आली, तर बोअर, पिस्टन, बेअरिंग आणि क्रँक यांच्या कामाचे बिल गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जाते. मग अनेकदा गाडी भंगारात काढण्याचाच निर्णय होतो. म्हणून जुन्या गाडीच्या बाबतीत आगाऊ सूचनेचे मोल नव्या गाडीपेक्षा अधिक आहे.

ट्रिप कॉम्प्युटर म्हणजे काय?

सरासरी इंधनखप, त्या क्षणीचा खप, टाकीतील इंधनात आणखी किती अंतर जाता येईल, प्रवासाचा वेळ आणि सरासरी वेग इतकी माहिती देणाऱ्या यंत्राला ट्रिप कॉम्प्युटर म्हणतात. अमेरिकेत १९७८ मध्ये कॅडिलॅक सेव्हिल या मोटारीत तो जादा किंमत घेऊन दिला जात असे. त्यात मोटोरोलाचा मायक्रोप्रोसेसर होता. भारतात हे साधन सर्वसामान्य गाड्यांत यायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. तोवर ‘गाडी अॅव्हरेज किती देते?’ या प्रश्नाचे उत्तर पेट्रोल पंपावरची पावती आणि मनातल्या मनात केलेला भागाकार यांवरच अवलंबून होते.

या यंत्राला दोनच गोष्टी कळाव्या लागतात. गाडी किती चालली आणि इंधन किती लागले. पहिली गोष्ट सोपी आहे. जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल फिरते. जपानी मानकाप्रमाणे ही केबल एका किलोमीटरला ६३७ फेरे घेते. तिच्यावर चुंबक आणि हॉल सेन्सर बसविला की फेऱ्यांची मोजणी होते. ते जमत नसेल तर उपग्रहाधारित वेगमापन वापरता येते. खरा प्रश्न दुसऱ्या गोष्टीचा, म्हणजे इंधनाच्या मोजणीचा आहे. त्यासाठी आपली गाडी कोणत्या पिढीतली आहे हे आधी ठरवावे लागते.

गाडीची पिढी ओळखा

पहिली पिढी कार्ब्युरेटरची. येथे इंजिनाला कोणताही संगणक नसतो, त्यामुळे विचारणार कोणाला, हाच प्रश्न असतो. इंधनाच्या नळीत प्रवाहमापक बसविता येतो. मात्र काही गाड्यांत उरलेले पेट्रोल टाकीकडे परत नेणारी दुसरी नळी असते. अशा वेळी दोन प्रवाहमापक लावून वजाबाकी करावी लागते. या गाड्यांसाठी जुना आणि साधा पर्याय व्हॅक्यूम गेजचा आहे. इनटेक मॅनिफोल्डमधील निर्वात जितका जास्त, तितके अॅक्सिलरेटर कमी दाबलेले, हा त्याचा अर्थ. धडधाकट इंजिन समुद्रसपाटीला रिकामे फिरताना साधारण १७ ते २२ इंच पारा दाखविते. वाशिम शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने येथे हाच आकडा पावणेदोन इंचांच्या आसपास कमी येतो. तो पाहून इंजिन खराब झाल्याचा निष्कर्ष काढू नये.

दुसरी पिढी एमपीएफआय गाड्यांची, म्हणजे प्रामुख्याने २००० नंतरच्या. यात इंजिनाला संगणक असतो, पण त्याची भाषा बहुधा त्या कंपनीपुरती मर्यादित असते. येथे इंजेक्टरची तार उपयोगी पडते. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा राहिला हे मोजले आणि तो मिनिटाला किती पेट्रोल सोडतो हे ठाऊक असले, की खप निघतो. अर्डुइनोसारख्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पट्टीवर हौशी मंडळी असे मीटर स्वतःही तयार करतात.

तिसरी पिढी ओबीडी, म्हणजे गाडीनेच आपले दोष सांगण्याच्या व्यवस्थेची. अमेरिकेत १९९६ पासून सर्व मोटारींना ओबीडी-२ बंधनकारक झाले. भारतात भारत स्टेज-४ च्या गाड्यांना एप्रिल २०१० पासून ओबीडीचा पहिला आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. परंतु २०१० मध्ये भारत स्टेज-४ मोजक्या शहरांतच आले होते. महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर ही त्यातली नावे. देशभर ते १ एप्रिल २०१७ पासून बंधनकारक झाले. त्यामुळे वाशिमसारख्या जिल्ह्यात २०१२ किंवा २०१४ मध्ये घेतलेल्या गाडीत ओबीडी असेलच असे गृहीत धरता येत नाही. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट दिसले म्हणजे काम झाले, असेही नाही. सॉकेट प्रमाणित असून आतली भाषा वेगळी असू शकते. ब्लूटूथचा स्वस्त जोड घेण्यापूर्वी तो आपल्या गाडीशी बोलतो का, हे दुकानातच लावून पाहावे. असा जोड गाडी बंद असतानाही सॉकेटमध्ये राहिला, तर तो बॅटरी हळूहळू उतरवू शकतो.

हिशेब कसा होतो?

ओबीडीच्या गाडीत यंत्र बहुधा हवेवरून पेट्रोल काढते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. समजा, इंजिनात सेकंदाला १० ग्रॅम हवा जात आहे. म्हणजे सेकंदाला ०.६८ ग्रॅम पेट्रोल लागले. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम धरले, तर तासाला ३.३ लिटर होतात. वेग ताशी ६० असेल तर लिटरला सुमारे १८ किलोमीटर. ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर नाही, तेथे मॅनिफोल्डचा दाब, हवेचे तापमान आणि इंजिनाचे फेरे यांवरून हवेचा अंदाज केला जातो. साहजिकच त्यात चूक थोडी अधिक असते.

या हिशेबात आता आणखी एक बाब आली आहे. २०२५ पासून पंपांवर मिळणारे पेट्रोल प्रामुख्याने २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलला जळण्यासाठी कमी हवा लागते, त्यामुळे मिश्रणाचे गुणोत्तर १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येते. वरच्याच उदाहरणात हा बदल केला तर ताशी खप सुमारे साडेतीन लिटर आणि अॅव्हरेज १७ च्या किंचित खाली येते. यंत्रात जुना आकडा तसाच राहिला तर ते खोटे समाधान देत राहील. कार्ब्युरेटरच्या गाडीत तर मिश्रण आपोआप सुधारणारा सेन्सरच नसतो. तेथे इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळण्याची शक्यता असते. त्यामुळे जेट आणि ट्यूनिंग जाणकार मिस्त्रीकडून तपासून घेणे इष्ट.

डिझेल गाडीला हे गणित लागूच पडत नाही. डिझेल इंजिनात हवा भरपूर घेतली जाते आणि वेग डिझेलच्या मात्रेने ठरतो, त्यामुळे हवेवरून खप काढणारे यंत्र सुमो किंवा बोलेरोमध्ये निरर्थक आकडे दाखविते. यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल गाडीत बरेचसे डिझेल टाकीकडे परत जाते. म्हणून तेथेही दोन प्रवाहमापक हवेत. ते परवडत नसेल तर टाकी काठोकाठ भरून अंतर मोजण्याची जुनी पद्धतच अधिक विश्वासार्ह ठरते.

पेट्रोल गाडीतही यंत्र बसविल्यावर ही कसोटी घ्यावीच. एकाच पंपावर टाकी भरावी, किमान दोनशे किलोमीटर चालवावे आणि पुन्हा तेथेच भरावी. यंत्राने ९.२ लिटर दाखविले आणि पंपावर १० लिटर बसले, तर १.०८७ हा दुरुस्तीचा गुणक झाला. असे दोन-तीनदा केल्यावर यंत्र भरवशाचे होते.

पाणी शांत, तेल तापलेले

आता तेलाकडे वळू. इंजिनाचे तेल केवळ घर्षण कमी करीत नाही. पिस्टनची खालची बाजू आणि क्रँकची बेअरिंग येथपर्यंत रेडिएटरचे पाणी पोहोचत नाही. तेथली उष्णता तेलच वाहून आणते आणि चेंबरमध्ये येऊन वाऱ्यावर निवते. पाण्याला थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि पंखा असे तीन राखणदार असतात. बहुतेक जुन्या गाड्यांत तेलाला यातले काहीच नसते. त्यामुळे सलग वेगात पाण्याचा काटा मध्यावर स्थिर असताना तेल मात्र चढत राहते.

वेगाची किंमत किती, हे साध्या गणिताने कळते. हवेचा अडथळा कापण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ताशी ८० वरून १०० वर गेल्यास ती जवळजवळ दुप्पट होते, तर ६० वरून १०० वर गेल्यास साडेचार पटींहून अधिक. चार गिअरच्या लहान गाडीत ताशी १०० ला इंजिनाचे फेरे मिनिटाला चार हजारांच्या आसपास असतात. एवढ्या फेऱ्यांची आणि एवढ्या शक्तीची उष्णता तेलाच्या वाट्यालाही येते.

पाण्याच्या काट्याची आणखी एक उणीव आहे. होज फाटून पाणी निघून गेले, तर त्याचा सेन्सर पाण्याऐवजी वाफेत लटकत राहतो आणि काटा वर जाण्याऐवजी खालीही येऊ शकतो. चालक निर्धास्त राहतो. अशा वेळी तेलाचा मीटर खरा साक्षीदार ठरतो, कारण तेल जागेवरच असते आणि तापत असते.

लाल दिव्याबद्दल तर अधिकच गैरसमज आहे. तो तापमानाचा दिवा नाही आणि तेलाच्या पातळीचाही नाही. तो दाबाचा दिवा आहे. चालत्या इंजिनात तेलाचा दाब सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरला तीन-चार किलो असतो. दिव्याचा स्विच मात्र अर्ध्या किलोच्याही खाली गेल्यावर लागतो. म्हणजे दाब जवळपास संपल्यावरच दिवा बोलतो.

तेलाचे आकडे

तेलाची दाटी तापमानावर अवलंबून असते. एसएई वर्गीकरणात ४० दर्जाच्या तेलाची दाटी १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक, ३० दर्जाची ९.३ ते १२.५ आणि ५० दर्जाची १६.३ ते २१.९ या पट्ट्यात असावी लागते. हे मोजमाप १०० अंशांचे आहे. तेल १३० अंशांवर गेले तर ४० दर्जाचे तेलही ३० दर्जाच्या तेलापेक्षा पातळ होते आणि घासलेल्या बेअरिंगमधून दाब टिकत नाही. शिवाय दर दहा अंशांच्या वाढीला तेल जुने होण्याचा वेग साधारणपणे दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे.

चेंबरमधील तापमानाचे ढोबळ पट्टे असे सांगता येतील. ७० अंशांच्या खाली तेल थंड असते. अशा वेळी इंजिन ताणू नये. ८० ते ११० हा आरोग्याचा पट्टा. ११० ते १२० म्हणजे लक्ष देण्याची वेळ. खनिज तेल वापरणाऱ्या गाडीत १२० च्या वर वेग कमी करावा, आणि १३० ओलांडले असेल तर पुढचा ऑइल बदल ठरलेल्या अंतराआधीच करावा. सिंथेटिक तेल याहून अधिक सोसते, म्हणून त्यावर बेफिकीर राहावे असे नाही.

तेल फार थंड राहणेही अपायकारक आहे. ८० अंशांच्या खाली तेलात मिसळलेले पाणी आणि कच्चे पेट्रोल नीट उडून जात नाही आणि कालांतराने काळा चिकट गाळ साचतो. ‘आपल्याकडच्या उन्हात कशाला हवा’ म्हणून अनेक गॅरेजांत थर्मोस्टॅट काढून टाकला जातो. त्याचे फळ हेच असते. हिवाळ्यात बाजारापर्यंत दोन-तीन किलोमीटर जाऊन परतणाऱ्या गाडीचे तेल तर कधीच पुरते तापत नाही, कारण पाणी तापल्यावरही तेलाला तापायला बराच अधिक वेळ लागतो.

सेन्सर कोठे बसवावा?

ओबीडीमध्ये तेलाच्या तापमानासाठी जागा राखून ठेवलेली आहे. पण जुन्या गाड्यांपैकी बहुतेक तो आकडा पाठवीत नाहीत, कारण त्यांच्यात तसा सेन्सरच नसतो. तो वेगळा लावावा लागतो. त्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग चेंबरच्या ड्रेन बोल्टच्या जागी सेन्सर बसविण्याचा. वाचन उत्तम मिळते, परंतु हा भाग गाडीचा सर्वात खालचा. शेतरस्त्यावरचा दगड किंवा बेहिशेबी उंच गतिरोधक त्याला लागू शकतो. दुसरा मार्ग ऑइल फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये जाड चकती बसविण्याचा. त्यात फिल्टर दोन-तीन सेंटिमीटर खाली येतो, म्हणून जागा पुरते का हे आधी पाहावे. फिल्टरचा आटा एम २० किंवा पाऊण इंची अशा वेगवेगळ्या मापांचा असतो. अंदाजाने घेतलेली चकती बसवू नये. तिसरा मार्ग तेल मोजण्याच्या पट्टीच्या जागी लांब सेन्सर सोडण्याचा. तो सोपा आहे, पण त्याची लांबी मूळ पट्टीपेक्षा अधिक असता कामा नये, नाही तर तो क्रँकला लागू शकतो.

बसविताना काही पथ्ये पाळावीत. सेन्सर आणि मीटर एकाच जोडीचे असावेत, कारण प्रत्येक सेन्सरचा रोध वेगळ्या प्रमाणात बदलतो. एका तारेच्या सेन्सरला अर्थिंग त्याच्या आट्यातूनच मिळते. तेथे टेफ्लॉन टेप गुंडाळली तर मीटर चुकते. गळती रोखण्यासाठी नवा तांब्याचा वॉशर पुरतो. वीज इग्निशननंतरच्या जोडणीतून, स्वतंत्र छोटा फ्यूज लावून घ्यावी. तारा सायलेन्सरच्या पाइपपासून दूर बांधाव्यात. सर्वात महत्त्वाचे म्हणजे काम झाल्यावर इंजिन गरम होईपर्यंत चालवून, गाडीखाली कागद पसरून गळती पाहावी आणि पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा पाहावी. चकतीची सील सुटली तर इंजिनातले तेल काही मिनिटांत रस्त्यावर येते, आणि ज्या संकटासाठी मीटर लावले तेच संकट मीटरमुळे ओढवते.

मीटर खरे सांगते का, हे बसविण्यापूर्वी घरच्या घरी पाहता येते. उकळत्या पाण्यात सेन्सर तळाला न टेकविता सोडावा. मुंबईत १०० अंश दिसायला हवेत. वाशिमच्या उंचीवर पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. येथे ९८ दिसले तर मीटर बरोबर आहे.

हे सारे करायचे नसेल तर तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन हा किमान उपाय आहे. थांबल्याबरोबर चेंबरवर ती रोखावी. काळ्या रंगाच्या चेंबरवर वाचन ठीक येते, मात्र चकचकीत अॅल्युमिनियमवर ते प्रत्यक्षापेक्षा कमी येते.

दोन आकडे एकत्र वाचावेत

ट्रिप कॉम्प्युटर आणि तेलाचे मीटर या दोन्हींचा खरा उपयोग ते एकत्र वाचण्यात आहे. एकटा आकडा केवळ माहिती देतो. दोन आकडे मिळून निदानाच्या जवळ नेतात.

खप वाढला आणि तेलही नेहमीपेक्षा तापले, तर इंजिनाला जादा ओढावे लागत आहे. ब्रेक धरून राहिले आहेत का, टायरमध्ये हवा कमी आहे का, क्लच घसरतो का, टायमिंग बिघडले आहे का, या क्रमाने पाहावे. खप तोच राहिला पण तेल तापले, तर दोष निवण्यात आहे. तेलाची पातळी, रेडिएटर, पंखा तपासावा. पावसाळ्यानंतर चेंबरवर थापलेली काळी माती खरवडून काढावी. वाळलेल्या चिखलाचा जाड थर म्हणजे चेंबरला पांघरलेली गोधडीच. आणि खप वाढला पण तेल थंडच राहिले, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा कोणी तो काढून टाकला आहे, अशी शंका घ्यावी.

यासाठी आपल्या गाडीचे नेहमीचे आकडे ठाऊक असावे लागतात. पुस्तकातला ११० हा आकडा सर्वांसाठी आहे. आपली गाडी एरवी ९६ दाखविते आणि आज त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला १०८ दाखविते, ही बातमी केवळ आपल्यासाठी आहे. गाडीतल्या छोट्या वहीत तारीख, अंतर, बाहेरचे ऊन, अॅव्हरेज आणि तेलाचे सर्वाधिक तापमान अशा पाच नोंदी ठेवल्या, तर एका उन्हाळ्यात ही पार्श्वभूमी तयार होते.

रस्त्यावर काय करावे?

अकोल्याहून वाशिमकडे येताना याचा अनुभव घेता येतो. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटरवर आहे, वाशिम त्याहून अडीचशेहून अधिक मीटर उंच. ही चढण मुख्यतः पातूरच्या घाटात चढावी लागते. चार माणसे, सामान आणि वातानुकूलन यांसह दुपारी हा घाट चढताना तेलाचा आकडा वर जाताना दिसेल. वरच्या गिअरमध्ये रेटण्यापेक्षा खालचा गिअर घ्यावा, त्याने पाण्याचा पंप वेगाने फिरतो. वातानुकूलन काही वेळ बंद ठेवावे. माथ्यावर आल्यावर लगेच इंजिन बंद न करता दोन मिनिटे हळू चालवावे.

समृद्धी महामार्गावर परिस्थिती वेगळी आहे. तेथे गावच्या रस्त्यासारखे हाकेच्या अंतरावर गॅरेज नाही आणि कडेला थांबणे स्वतःच धोक्याचे आहे. तेल १२० वर गेले तर थांबू नये. वेग ताशी ७०-८० वर आणून डाव्या मार्गिकेतून चालत राहावे. बहुधा काही किलोमीटरांत आकडा उतरू लागतो. उतरला नाही तर कारंजा, शेलूबाजार किंवा मालेगाव यांपैकी जवळच्या इंटरचेंजवरून बाहेर पडावे. लाल दिवा पेटला तर मात्र हा नियम लागू नाही. तेव्हा पुढचा इंटरचेंज गाठण्याचा मोह टाळून गाडी डाव्या कडेला घ्यावी, इंजिन तत्काळ बंद करावे, धोक्याचे दिवे लावावेत आणि प्रवाशांना कठड्यापलीकडे न्यावे. दाब नसताना चाललेले एक किलोमीटरही क्रँक निकामी करण्यास पुरेसे असते. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये, हे सांगायला नकोच.

कायदा आणि मर्यादा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. मात्र या कलमातील बदलाचा अर्थ वाहनाचे मूलभूत वैशिष्ट्य पालटणारा रचनेतील फेरफार असा आहे. मीटर बसविल्याने तसे काही होत नाही. मूळ स्पीडोमीटर आणि लाल दिवा मात्र काढू नये. नवा सेन्सर दिव्याच्या स्विचच्या जागी लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो नाकारावा. मीटर काचेतून दिसणारा रस्ता झाकणार नाही, असे बसवावे. आकडे मोबाइलवर येत असतील तर ते चालवताना न्याहाळू नयेत. सूचनेचा आवाज लावून ठेवणे उत्तम.

ही साधने इंजिन दुरुस्त करीत नाहीत, घासलेली रिंग भरून आणीत नाहीत आणि वेळेवर न बदललेल्या तेलाची भरपाईही करीत नाहीत. ती फक्त वेळ मिळवून देतात. लाल दिव्याआधी मिळालेली पंधरा-वीस मिनिटे म्हणजे एकीकडे तेल भरून आणि वेग उतरवून घरी पोहोचणे, तर दुसरीकडे क्रेनच्या मागे लटकून येणे. पंधरा वर्षांवरील गाडी घेऊन उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने एवढी तयारी केली, तरी पुष्कळ झाले. आणि मीटर बसवायला अवकाश असेल, तर तोवर सकाळी गाडी काढण्यापूर्वी तेलाची पट्टी पुसून पाहण्याची सवय लावून घ्यावी. तिला तार लागत नाही आणि फ्यूजही नाही.